शेतजमीन मुदतीने देताना : आधी अर्ज, मग करार

व्यापार आणि कारागिरी करणाऱ्या आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांच्या नावावर गावी एक-दोन एकर जमीन असते. कोकणात वडिलार्जित भातखाचर आणि वरकस, देशावर विहिरीवरचा तुकडा, मराठवाड्यात मरहूम वडिलांच्या नावची कोरडवाहू पट्टी. घरचा कर्ता मुंबई-भिवंडीत किंवा आखाती देशात, मुले शहरातल्या शाळेत. जमीन विकायची नाही आणि पडीकही ठेवायची नाही. मग ती कुणा ओळखीच्या माणसाला दोन-तीन वर्षांसाठी खंडाने, अर्धेलीने किंवा ठोक्याने दिली जाते. फार झाले तर स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून दोघे सह्या करतात.

दुसऱ्या बाजूला फळांचे व्यापारी, शेळी-मेंढीचा धंदा करणारे, वीटभट्टीवाले हेही आपलेच बांधव. त्यांना थोड्या मुदतीसाठी जमीन हवी असते. देणारा आणि घेणारा दोघेही सचोटीचे असले तरी कायदा न पाहता केलेला असा व्यवहार पुढे दोघांनाही भोवतो. कधी देणाऱ्याची जमीन जाते, कधी घेणाऱ्याचे पैसे बुडतात.

या लेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. शेतजमिनीची मुदत कागदावरच्या तारखेने ठरत नाही. जमीन कोणत्या प्रकारची आहे, ती कोणाला दिली आणि कशासाठी दिली, या तीन गोष्टींवरून कायदा ती मुदत ठरवतो. म्हणून आधी या तीन प्रश्नांची उत्तरे काढावीत, लागेल तेथे परवानगीचा अर्ज करावा आणि परवानगी हाती आल्यावरच पैसे व ताबा द्यावा-घ्यावा.

अकरा महिन्यांच्या कागदाचा गैरसमज

पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकण या भागांना १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते, आता ‘महाराष्ट्र’ आहे. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आणि विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कायदा लागतो. तिन्हींचा रोख सारखा असला तरी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. येथे आम्ही १९४८ च्या कायद्यातील क्रमांक देत आहोत. मराठवाडा व विदर्भातील वाचकांनी आपल्या कायद्यातील कलमे वकिलाकडून पाहून घ्यावीत.

या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो तो कूळ मानला जातो. याला तीन अपवाद आहेत : मालकाच्या कुटुंबातील माणूस, मालकाच्या देखरेखीखाली मजुरीवर काम करणारा, आणि ताबेगहाणदार. मजुरी रोखीने किंवा धान्याने दिलेली चालते, पण पिकात वाटा देऊन चालत नाही. म्हणजे अर्धेली किंवा बटई करणारा माणूस कायद्याने ‘मजूर’ ठरत नाही.

१ एप्रिल १९५७ हा दिवस या कायद्यात कृषिदिन म्हणून ठरवला आहे. त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होते, त्याला ती जमीन विकत घेतल्याचे मानले गेले. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्यानंतरच्या नव्या कुळांनाही हक्क दिलेला आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. कलम ३२-ओ सांगते की कृषिदिनानंतर कूळवहिवाट निर्माण झाली असेल, तर जातीने कसणारे कूळ ती सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आत जमीन विकत घेण्याचा हक्क बजावू शकते. त्यासाठी त्याने मालकाला व शेतजमीन न्यायाधिकरणाला कळवावे लागते. या कलमाचा आरंभच असा आहे की, उलट करार असला तरी हा हक्क राहतो. सैन्यात प्रत्यक्ष नोकरीवर असलेल्या मालकाने दिलेली जमीन तेवढी यातून वगळली आहे.

आता अकरा महिन्यांच्या कागदाचे काय होते ते पाहा. घराच्या भाड्यात अकरा महिन्यांचा करार करतात म्हणून शेतातही तोच उपाय चालेल, असे लोक समजतात. मुदत अकरा महिने लिहा की तीन वर्षे, ‘कुळाचा हक्क सांगणार नाही’ असे कबूल करून घ्या, अगर ‘भाडे’ शब्द टाळून ‘परवाना’ लिहा, या शब्दांनी कलम ४ आणि ३२-ओ टळत नाहीत. वाद झाला तर हा इसम कूळ आहे की नाही ते कलम ७०(ब) खाली तहसीलदार ठरवतो. तो प्रश्न ठरवण्याचा अधिकार दिवाणी कोर्टाला नाही.

हे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की कूळ म्हणजे मालकाचा शत्रू. जो उन्हात राबतो त्याला जमीन मिळावी, हा कायद्याचा हेतू होता आणि आपल्या समाजातील अनेक घरांनाही त्यातून जमीन मिळाली आहे. ज्याला काही काळच जमीन द्यायची आहे त्याने कायद्याला मान्य असलेली वाट धरावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पहिला प्रश्न : जमीन कोणत्या प्रकारची?

ताजा सातबारा, आठ-अ आणि त्यावर लिहिलेल्या क्रमांकांचे फेरफार काढा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ की ‘वर्ग २’ ते वाचा. मग ‘इतर हक्क’ या रकान्यातील एकेक ओळ वाचा. बहुतेक अडचणी त्याच रकान्यात लिहिलेल्या असतात.

(१) कूळ म्हणून मिळालेली जमीन. आजोबांना किंवा वडिलांना कूळ म्हणून जमीन मिळाली असेल तर कलम ३२-म चे खरेदी प्रमाणपत्र असते आणि सातबाऱ्यावर ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशा अर्थाची नोंद असते. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, तशीच पट्ट्यानेही देता येत नाही. परवानगी कोणत्या कारणांसाठी मिळते ते कुळवहिवाट नियम २५-अ मध्ये दिले आहे. पट्ट्यासाठी दिलेली कारणे मोजकी आहेत : मालक अज्ञान असेल, विधवा असेल, शरीराने किंवा मनाने अपंग असेल, सैन्यात असेल, अथवा सामाईक मालकांपैकी एकाने दुसऱ्याला जमीन द्यायची असेल.

२०१४ साली या कलमात सवलत आली. खरेदीला दहा वर्षे पूर्ण झाली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही. विक्री करायची असेल तर आकाराच्या चाळीस पट नजराणा आधी भरावा लागतो, घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि कमाल धारणा व तुकडेबंदी कायद्यांचा भंग होता कामा नये. म्हणून प्रमाणपत्राची तारीख हाताशी ठेवा. दहा वर्षे झाली नसतील तर अर्ज अटळ आहे. झाली असली तरी कलम ४ आणि ३२-ओ जागेवरच राहतात, हे विसरू नये.

(२) शासनाने दिलेली वर्ग २ ची, म्हणजे नवीन शर्तीची जमीन. ज्या आदेशाने ती मिळाली तो आदेश काढून अटी वाचा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हाती देणे हा शर्तभंग ठरतो आणि जमीन सरकारजमा होण्याचा धोका असतो.

(३) आदिवासी खातेदाराची जमीन. पालघर, ठाणे, नाशिक, धुळे, नंदुरबार या भागांत धंदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय पट्ट्यानेसुद्धा घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यापुढील सर्व व्यवहारांना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीआधी राज्य शासनाची मान्यता लागते. यातला अर्ज जमीन घेणाऱ्या बिगर आदिवासीने करायचा असतो. मुदत संपली की जिल्हाधिकारी स्वतः होऊन किंवा आदिवासी खातेदाराच्या अर्जावरून ताबा परत देववू शकतात. परवानगी न घेता अशा जमिनीवर शेड, भट्टी, विहीर यांवर पैसे घालणाऱ्याला ते परत मिळण्याची आशा नाही.

(४) लहान तुकडा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात प्रत्येक भागासाठी किमान क्षेत्र ठरवले जाते. २०२३ साली राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागासाठी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरले. त्याहून लहान तुकडा म्हणून ज्याची नोंद आहे, तो लगतची जमीन कसणाऱ्याखेरीज इतराला पट्ट्याने देता येत नाही. आपले क्षेत्र या मर्यादेच्या आसपास असेल तर तलाठ्याकडे आधी चौकशी करावी.

वक्फ आणि देवस्थान इनाम जमिनींना वेगळे कायदे आहेत. तो विषय येथे घेतलेला नाही.

दुसरा प्रश्न : कोणाला द्यायची?

आपल्या व्यापारी बांधवांना सर्वांत जास्त नडणारे कलम ६३ आहे. जो शेतकरी नाही त्याला शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल जशी चालत नाही तसा पट्टाही चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असेल तरच तो व्यवहार कायदेशीर होतो. तुमच्या नावावर महाराष्ट्रात कोठेच शेतजमीन नसेल आणि तुम्ही फक्त दुकान चालवत असाल, तर शेजारच्या गावातील दोन एकर तीन वर्षांसाठी घेण्याआधीही ही परवानगी पाहावी लागेल.

कारागिरांसाठी या कलमात एक लहान सवलत आहे. राहते घर, घराची जागा किंवा घराला लागून असलेली जागा शेतमजुराला, कारागिराला किंवा दूध, कुक्कुटपालन यांसारखा जोडधंदा करणाऱ्याला देण्यास कलम ६३ आड येत नाही. सवलत घर आणि घरालगतच्या जागेपुरतीच आहे. संपूर्ण शेतासाठी ती वापरता येत नाही.

बंदी मोडून व्यवहार झाला तर तहसीलदार कलम ८४-क खाली चौकशी करतो. तीन महिन्यांत जमीन पूर्वस्थितीत आणण्याचे दोन्ही पक्षांनी लिहून दिले आणि तसे केले, तर प्रकरण मिटू शकते. तसे न झाल्यास व्यवहार बेकायदा ठरून जमीन शासनाकडे जाते. म्हणजे देणाऱ्याची जमीन गेली आणि घेणाऱ्याचे पैसे अडकले, असे दोघांचेही नुकसान होते.

तिसरा प्रश्न : कशासाठी?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि देणाऱ्याचा खरा बचाव पुष्कळदा येथेच असतो. कलम ४३-अ प्रमाणे, ऊस लावण्यासाठी, फळे किंवा फुले पिकवण्यासाठी अथवा गुरांची पैदास करण्यासाठी दिलेल्या पट्ट्यांना कुळाच्या खरेदीहक्काची कलमे, म्हणजे ३२ ते ३२-र, लागू होत नाहीत. त्यात ३२-ओ सुद्धा आले. अशा पट्ट्यांसाठी शासनाने अधिसूचनेने घातलेल्या अटी मात्र पाळाव्या लागतात.

फळबाग, फुलशेती, शेळीपालन हे आपल्या बागवान, कुरेशी आणि इतर बांधवांचेच धंदे आहेत. म्हणून पट्ट्याच्या दस्तात हेतू अगदी नेमका लिहावा. ‘शेती करण्यासाठी’ एवढेच लिहिले तर वाद झाल्यावर हेतू शाबीत करण्याचे ओझे मालकावर पडते. ‘डाळिंबाची लागवड करून फळे पिकवण्यासाठी’ असे लिहावे आणि जमिनीत प्रत्यक्षात तेच असावे. दस्तात डाळिंब आणि रानात ज्वारी असेल, तर पंचनाम्यात ज्वारीच लिहिली जाईल.

फळांच्या व्यापाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. आंब्याचा किंवा पेरूचा एक मोसम घ्यायचा असेल तर जमीन घ्यावीच कशाला? १९०८ च्या नोंदणी कायद्यात झाडावरील फळ हे जंगम मालमत्तेत धरले आहे. झाडावरची फळे विकत घेणे म्हणजे मालाची खरेदी होय, तो जमिनीचा पट्टा नव्हे. ‘अमुक गट नंबरमधील इतक्या झाडांवरील या मोसमाची फळे’ असा खरेदीचा कागद करावा. बागेचा ताबा, मशागत व पाणी मालकाकडेच राहील आणि व्यापाऱ्याला राखण व तोडणीसाठी ये-जा करता येईल, असे त्यात स्पष्ट लिहावे. व्यापारीच नांगरट करू लागला, खत-पाणी घालू लागला आणि पाच-पाच वर्षे बाग ताब्यात ठेवू लागला, तर मात्र कागदावर ‘फळखरेदी’ लिहून उपयोग होणार नाही.

वीटभट्टी, गोदाम, लाकूड किंवा भंगार साठवणे हा शेतीचा वापर नाही. त्यासाठी जमीन महसूल कायद्याप्रमाणे बिगरशेती वापराची बाब आधी पूर्ण करावी लागते. मालकाने जमीन दिली म्हणजे वापराची परवानगी मिळाली, असे होत नाही.

वारस, विधवा आणि अज्ञान मुले

समजा, एका गृहस्थाला कूळ म्हणून तीन एकर जमीन मिळाली आणि खरेदीला सहा वर्षे झाली असताना त्याचा इंतकाल झाला. मागे पत्नी, दोन लहान मुलगे आणि एक मुलगी. पत्नीला शेती करणे शक्य नाही. घर चालवण्यासाठी ती जमीन तीन वर्षे शेजाऱ्याला द्यावी असे दीर म्हणतो आणि स्वतःच कागदावर सही करतो.

येथे तीन चुका होतात. पहिली अशी की दिराला या जमिनीत हक्क नाही. मुले असताना पत्नीचा वाटा आठवा आहे आणि उरलेले मुलांचे. त्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण तो आहेच. वारसनोंद करताना सर्वांची नावे, मुलींसह, सातबाऱ्यावर लावून घ्यावीत. मुलीचे नाव वगळून केलेला पट्टा पुढे तिच्या एका अर्जाने अडचणीत येतो.

दुसरी चूक पालकाची. मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा पालक म्हणजे वडील, वडिलांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस, आजोबा किंवा आजोबांनी तसा नेमलेला माणूस. आई मुलांना सांभाळते, पण ती आपोआप त्यांच्या मालमत्तेची पालक होत नाही. काका किंवा थोरला भाऊही होत नाही. आईने १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून स्वतःची नेमणूक करून घ्यावी. अशी नेमणूक झाल्यावरही न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा, किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाणारा पट्टा देता येत नाही. ही बंधने यतिमांची मालमत्ता जपण्यासाठी आहेत, ती त्रास समजू नयेत.

तिसरी चूक परवानगीची. दहा वर्षे झालेली नाहीत, त्यामुळे कलम ४३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. मालक विधवा व अज्ञान असणे हे नियमात बसणारे कारण आहे, म्हणजे अर्ज केला तर तो ऐकला जाण्यासारखा आहे. अर्ज न करता दिलेली तीच जमीन बेकायदा हस्तांतराच्या चौकशीत सापडते.

अर्ज असा करावा

वरील उदाहरणासाठी अर्जाचा नमुना देतो. आपल्या प्रकरणाप्रमाणे मजकूर बदलावा.

*मा. जिल्हाधिकारी साहेब, जिल्हा ......... यांचे सेवेशी*

*अर्जदार : (१) श्रीमती ........., स्वतःकरिता, आणि (२) ते (४) अज्ञान ........., ........., ......... यांच्या न्यायालयाने नेमलेल्या पालक म्हणून, रा. ........., ता. .........*

*विषय : गट नं. ......... ही जमीन तीन वर्षांच्या मुदतीने पट्ट्याने देण्यास कुळवहिवाट अधिनियम कलम ४३ अन्वये पूर्वपरवानगी मिळणेबाबत.*

*महोदय,*

*मौजे ......... येथील गट नं. ........., क्षेत्र ......... हे. आर, आकार ......... ही जमीन आमचे मरहूम पती / वडील यांना कलम ३२-म चे प्रमाणपत्र क्र. ........., दिनांक ......... अन्वये मिळाली आहे. ते दिनांक ......... रोजी मयत झाले असून फेरफार क्र. ......... ने आम्हां वारसांची नोंद झाली आहे. अर्जदार क्र. १ विधवा असून क्र. २ ते ४ अज्ञान आहेत. आम्हांस जमीन जातीने कसणे शक्य नाही.*

*सदर जमीन ......... या पिकासाठी दिनांक ......... ते ......... या मुदतीकरिता, वार्षिक खंड रुपये ......... ठरवून श्री. ......... यांना देण्याचे योजिले आहे. ते शेतकरी असून त्यांचा सातबारा सोबत जोडला आहे. मुदतीअखेर ताबा आम्हांस परत मिळावा अशी अट राहील. परवानगीपूर्वी आम्ही ताबा दिलेला नाही व रक्कम घेतलेली नाही.*

*तरी नियम २५-अ अन्वये परवानगी मिळावी, ही विनंती.*

अर्जासोबत सातबारा, आठ-अ, सर्व संबंधित फेरफार, खरेदी प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, पालक नेमणुकीचा आदेश, गटाचा नकाशा, घेणाऱ्याचा शेतकरी असल्याचा पुरावा आणि पट्ट्याचा कच्चा मसुदा जोडावा. ज्या कार्यालयात अर्ज द्याल तेथून दिनांक व शिक्क्यासह पोच घ्यावी. काही जिल्ह्यांत हे अधिकार प्रांत साहेबांकडे दिलेले असतात, तेव्हा आधी आवक शाखेत विचारावे. पुढे अर्ज चौकशीसाठी तहसीलदाराकडे येतो. मंडळ अधिकारी आणि तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जागेवर पाहणी करून जबाब घेतात. त्या दिवशी स्वतः हजर राहावे, कारण जबाबात लिहिलेली गोष्टच वरपर्यंत जाते. न वाचता अंगठा किंवा सही देऊ नये.

परवानगीनंतर

आदेश हाती आल्यावर त्यातील अटी दस्तात जशाच्या तशा उतरवाव्यात. दस्तात गट नंबर व चतुःसीमा, क्षेत्र, हेतू, मुदतीच्या दोन्ही तारखा, खंडाची रक्कम व हप्ते, विहीर-विजेचा खर्च कोणाचा, झाडे तोडायची की नाही, पोटपट्टा देण्यास मनाई, आणि शेवटचे पीक उभे असताना मुदत संपली तर काय करायचे, हे सर्व लिहावे. मुदतीअखेर ताबा दिल्याची पावती कोण कोणाला देईल तेही लिहावे.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा, किंवा वार्षिक खंड ठरवलेला पट्टा नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकापुढे न्यावा. नोंदणी नसलेला असा कागद त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. मग फेरफार पाहावा. तलाठ्याने नोटीस काढल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात. नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून मुदत बरोबर लिहिली आहे का ते तपासावे.

खंड बँकेतून घ्यावा व पावती द्यावी. घेणाऱ्यालाही याचा फायदा आहे. पीक विमा, पीक कर्ज, नुकसानभरपाई मागताना तोंडी सौदा कोणी ऐकत नाही. दस्त पुढे केला की बोलणे सुरू होते. २०२१ पासून राज्यभर सुरू असलेल्या ई-पीक पाहणीत प्रत्येक हंगामाची नोंद वेळेवर होते की नाही, हेही मालकाने पाहत राहावे.

परवानगी मिळण्यासारखी नसेल तर

वर्ग १ ची जमीन, धडधाकट मालक, घेणारा शेतकरी आणि पीक भात किंवा ज्वारीचे, अशा प्रकरणात मुदतीच्या पट्ट्याने ३२-ओ चा धोका टळत नाही. तेथे आमचा सल्ला सरळ आहे : पट्टा करू नका. मजुरी रोखीने द्या, बियाणे-खत स्वतःच्या नावाने घ्या, देखरेख घरातील एका माणसाकडे ठेवा आणि मजुरीचा हिशेब वहीत लिहा. कायदा यालाच जातीने कसणे म्हणतो. नाहीतर फळबाग लावून मोसमाची फळे विका. २०१६ साली नीती आयोगाने जमीन पट्ट्याचा एक नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता. त्याचा हवाला देऊन दलाल ‘आता पट्टा खुला झाला’ असे सांगतात. नमुना कायदा म्हणजे लागू कायदा नव्हे, हे त्यांना सांगावे.

दुकानात उधारी देताना आपण माणूस पाहतो, वही पाहतो आणि मगच माल देतो. वाडवडिलांची जमीन देताना त्याहून कमी काळजी का घ्यावी? सातबारा काढण्याला फार खर्च येत नाही. ज्यांनी गावी तोंडी बोलीवर जमीन दिलेली आहे, त्यांनी हा आठवडा संपण्यापूर्वी ताजा उतारा काढून ‘इतर हक्क’ चा रकाना वाचावा आणि त्यात कुळाचे नाव दिसले तर विलंब न करता जाणत्या वकिलाला तो उतारा दाखवावा.